उघड्या खिडक्यांचे दाजी

जगातली निम्मी भांडणं, पाऊण डोकेदुखी आणि झाडून सगळे चुकीचे निर्णय बंद खिडक्यांमुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. थोरले साडू. माझ्या बायकोच्या सख्ख्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. मंडळी मूळची बेळगावकडची, पण बेंगळुरूत राहून चाळीस वर्षं झालेली. त्यामुळे त्यांच्या मराठीत मधूनच एखादं कानडी 'सरी' किंवा 'स्वल्प', म्हणजे 'बरं' किंवा 'थोडं', येऊन बसतं, आणि थोरल्या बहिणीला माझी बायको ताई न म्हणता अक्का म्हणते. मी पुण्याचा, म्हणजे कुणाच्याही घरी जाऊन काय चुकतंय ते सांगणारा. वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आलो तेव्हा जे. पी. नगरातल्या दाजी-अक्कांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो. डिसेंबर महिना, तळमजल्याचं घर, पाचही खिडक्या सताड उघड्या. अक्का शाल गुंडाळून वाढत होत्या आणि दाजी माकडटोपी घालून जेवत होते. मी आपला जावईपणाच्या हक्कानं खिडकी लावायला उठलो, तर दाजींनी मनगट धरून खाली बसवलं. "थंडीनं माणूस कुडकुडतो," ते म्हणाले, "आणि कोंडलेल्या हवेनं मठ्ठ होतो. काय व्हायचंय ते तुम्हीच ठरवा की." मी कुडकुडत जेवलो. अक्का आमटी वाढता वाढता माझ्याकडे बघून हसल्या होत्या, ते हसू मला अजून दिसतं.

दाजी एका सरकारी कारखान्यात इंजिनीअर होते. बाकीच्या खात्यांत जी मोजमापाची उपकरणं वापरतात, ती स्वतः बरोबर मोजतात की नाही हे तपासायचं त्यांचं काम. ज्या खोलीत हे चाले तिला खिडकी नव्हती. तापमान बारा महिने एकच ठेवायचं, धूळ शिरू द्यायची नाही, दार अर्ध्या मिनिटाच्या वर उघडं राहिलं तर त्या दिवसाची मापं बाद. अशा खोलीत चौतीस वर्षं काढल्यावर माणूस एकतर खिडकी हा प्रकारच विसरेल, नाहीतर दाजींसारखा होईल. निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्यांनी गळ्यातला हार खुंटीला अडकवला आणि कपडेही न बदलता दिवाणखान्यातल्या सरकत्या खिडकीची दोन्ही तावदानं खोबणीतून उचलून माळ्यावर टाकली. सरकती खिडकी कशीही सरकवली तरी अर्धीच उघडते, हा त्यांच्या मते बिल्डर लोकांनी दिवसाढवळ्या घातलेला दरोडा होता. त्या आठवड्यात पाऊस आत आला, धूळ आली, शेजारचं मांजर आलं आणि पुढे तिथेच राहिलं. दाजींना त्याचं काही नव्हतं.

कारखान्यातून त्यांनी एक गोष्ट मात्र जन्मभरासाठी आणली होती. मोजल्याशिवाय बोलायचं नाही. त्यामुळे नुसतं "कोंदट वाटतंय" म्हणून ते थांबणारे नव्हते. त्यांनी हवा मोजायचं एक छोटं यंत्र मागवलं, शर्टाच्या खिशात मावणारं. आपण सोडलेला श्वास खोलीत किती साठलाय तो आकडा ते दाखवतं. बाहेर मोकळ्यावर तो चारशेच्या आसपास असतो. हजारावर गेला की डोकं जड व्हायला लागतं, आणि पंधराशेच्या वर माणसानं कशावरही सही करू नये, असा दाजींचा नियम. दर रविवारी सकाळी ते यंत्र घेऊन तळ्याच्या काठी जायचे आणि मोकळ्या हवेत ते बरोबर आकडा दाखवतंय का हे तपासून यायचे. फ्लॅट विकायच्या कागदांवर सह्या करायला एकदा वकिलाकडे गेले, तर यंत्रानं सोळाशे दाखवले. दाजींनी सगळे कागद उचलले, खाली रस्त्यावर आले आणि एका अनोळखी माणसाच्या स्कूटरच्या सीटवर ठेवून सह्या केल्या. वकील पेनचं टोपण हातात धरून मागे उभा. पुतण्याच्या लग्नाच्या बोलणीत दोन्हीकडची मंडळी हॉलवरून हमरीतुमरीवर आली, तेव्हा यांनी खिशातून यंत्र काढून मधल्या टीपॉयवर ठेवलं आणि सगळ्यांना गच्चीवर चला म्हणाले. वर जाऊन दहा मिनिटं सगळे गप्प उभे राहिले, मग मुलीच्या आजीनं विषय काढला आणि लग्न ठरलं. तो जोडा आज सुखात आहे. त्याचं श्रेय दाजी कधीच पत्रिकेला देत नाहीत.

सगळीकडे इतकं बरं झालं असं नाही. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत एका वर्षी आरतीला शंभरेक माणसं, धूप, कापूर, वर उदबत्त्यांचे पुडे. दाजींनी यंत्राकडे बघितलं आणि आरती अर्ध्यावर असताना एका बाजूच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. वारा शिरला तो थेट तबकात. सगळी निरांजनं विझली, वरून मखराचा थर्माकोल एका बाजूला कलला. सेक्रेटरीबाई महिनाभर बोलत नव्हत्या. दाजींचं म्हणणं एवढंच की मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना घेरी येत होती, ते कुणी बघितलं नाही. आणि खरं सांगायचं तर ते आलेही होते त्यातल्या दोघांना आधार देऊन बाहेर खुर्चीवर बसवून.

मला त्यांचा राग यायचा, कारण त्यांचं बहुतेक वेळा खरं निघायचं. माझं ऑफिस इंदिरानगरात. चहूबाजूंनी काचा, एकही उघडत नाही, आणि आम्ही ती काचेची बैठकीची खोली पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचो. अक्कांनी पाठवलेला डबा द्यायला दाजी एकदा आले आणि दहा मिनिटं त्या खोलीत बसून गेले. जाताना यंत्र माझ्यासमोर धरलं, अठराशे. "तुम्ही दुपारी इथं जे ठरवता ना," ते म्हणाले, "ते सकाळी जिन्यात उभं राहून परत एकदा ठरवत जा." मी मनातल्या मनात चार शब्द बोललो. पण दुसऱ्या दिवशी कुणी बघत नसताना कचऱ्याची बादली सरकवून त्या खोलीचं दार उघडं ठेवलं. दोन तास चालणारी बैठक पन्नास मिनिटांत उरकली आणि कुणी जांभई दिली नाही. आमची मुलगी बारावीला असताना संध्याकाळी सारखं डोकं दुखतं म्हणायची. आम्ही चष्मा केला, मोबाईल काढून घेतला, तिला नाही नाही ते बोललो. दाजी तिच्या खोलीत गेले, वास घेतला आणि म्हणाले की पोरीला काही झालेलं नाही, कपाटाला झालंय. होसकोट्याच्या एका कारखान्यातून आणलेलं नवंकोरं प्लायचं कपाट, त्याला अजून गोंदाचा वास होता. आम्ही खोली धुळीच्या भीतीनं दिवसभर बंद ठेवायचो. कपाट तीन महिने गच्चीत उभं केलं आणि खिडकी उघडली. पोरीचं डोकं दुखायचं थांबलं. तेव्हापासून ती तिच्या मोठ्या मावशीच्या नवऱ्याबद्दल माझ्या तोंडचा एक शब्द ऐकून घेत नाही.

या सगळ्या संसारात अक्का काय करत असत, तर दाजींच्या मागोमाग खिडक्या लावत असत. त्यांना थंडी सोसत नव्हती. हे पुढे उघडत जायचे आणि या मागून लावत यायच्या, आणि तोंडानं भांडण चालू. त्या शाळेत गणित शिकवायच्या. सगळ्या गोतावळ्याचे वाढदिवस, तिथी, कुणाला कारलं चालत नाही, कुणाच्या मुलाला कितवीत किती मार्क पडले होते, हे सगळं त्यांच्या डोक्यात. दाजी यंत्र काढून आकडा सांगायचे, आणि अक्का स्वयंपाकघरातून सांगायच्या की गेल्या संक्रांतीला याच वेळी याच खोलीत इतका होता. दाजी वही काढून बघायचे, तेवढाच निघायचा. तेव्हा त्यांच्या तोंडावर जो अभिमान असायचा, तो त्या यंत्राबद्दल कधी दिसला नाही.

म्हणून अक्का विसरायला लागल्या तेव्हा ते सगळ्यांच्या आधी दाजींच्या लक्षात आलं, आणि मान्य मात्र त्यांनी सगळ्यांच्या शेवटी केलं. मी चहा घेतला की नाही हे त्यांनी मला एकाच संध्याकाळी तीनदा विचारलं, तेव्हा आम्ही हसलो. मग आमटीत दोनदा मीठ पडलं. मग एका सकाळी त्यांनी भाजीच्या दुकानातून माझ्या बायकोला फोन केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं की आपलं घर इथून डावीकडे की उजवीकडे. चाळीस वर्षं ज्या दुकानात जात होत्या ते दुकान.

डॉक्टरकडे मीही बरोबर होतो. छोटी खोली, एसी चालू, खिडकीला आतून पोस्टर लावलेलं. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी अक्कांना तीन शब्द सांगितले, आंबा, किल्ली, नदी, आणि मग घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. ज्या बाईनं हजारो पोरांना वजाबाकी शिकवली, ती त्र्याण्णवला येऊन थांबली आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसली. तीन शब्दांतला एकच आठवला, नदी. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचे फोटो दाखवले, आजाराचं नाव सांगितलं, तो मागे फिरत नाही हेही सांगितलं. दाजी टेबलाखाली यंत्र धरून बसले होते. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सतराशे होते आत. असल्या हवेत माप घेतलं तर ते बाद धरायला पाहिजे. आमच्या खात्यात असलं माप कुणी घेतलं असतं तर मी सही केली नसती."

हसू नका. मी त्या क्षणी हसलो नव्हतो. ज्या माणसानं आयुष्यभर हेच केलं की माप चुकीचं आलं तर आधी खोली तपासायची, त्यानं दुसरं काय करावं? अक्कांचं डोकं बिघडलेलं नाही, हवा बिघडली आहे, आणि हवा सुधारली की अक्का परत येतील, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं. त्याच आठवड्यात त्यांनी तीच परीक्षा घरच्या व्हरांड्यात घेतली, सकाळी दहा वाजता, मोकळ्या वाऱ्यात. अक्कांना दोन शब्द आठवले. नदी आणि किल्ली. दाजींनी बेळगावपासून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. एकाचे दोन झाले, म्हणजे दुप्पट सुधारणा, असं त्यांनी मला सांगितलं, आणि त्यांचा आवाज इतका आनंदी होता की मी अभिनंदन करून मोकळा झालो.

मग घर धुऊन निघालं. उदबत्ती गेली, धूप गेला, डासांची कॉइल गेली, कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या, फिनेल, बाथरूममधला सुगंधी फवारा, सगळं गेलं. गॅसच्या शेगडीची ज्योतसुद्धा हवा बिघडवते म्हणून विजेची शेगडी आली. वारा आरपार वाहावा म्हणून पुढचं दार दिवसभर उघडं राहायचं, विटेला टेकवून. अक्का म्हणायच्या की देवाला नुसते हात जोडून संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही, पण त्यांनी दाजींचं ऐकलं. आणि काही फरक पडलाच नाही, असंही मी म्हणणार नाही. त्यांना झोप बरी लागू लागली, चिडचिड कमी झाली, दुपारी डोकं धरून बसायच्या ते थांबलं. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या की छान केलंत, असंच ठेवा, पण आजार वेगळा आहे हे विसरू नका. यातलं दाजींना 'छान केलंत' तेवढंच ऐकू आलं.

त्यांनी जाड वही केली. डाव्या पानावर घरातल्या प्रत्येक खोलीतली हवा, दिवसातून तीनदा. उजव्या पानावर अक्का. आज काय विसरली, काय आठवलं, कुणाला कुठल्या नावानं हाक मारली. दर रविवारी दहा वाजता व्हरांड्यात तीन शब्द, दर वेळी नवे. कारखान्यातलं तेच तिरकं, सुबक अक्षर. मला ती वही वाचायला द्यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. डावं पान महिन्यामहिन्याला सुधारत होतं, पाचशे, साडेचारशे, चारशे चाळीस. एवढी स्वच्छ हवा सगळ्या जे. पी. नगरात कुणाच्या घरात नसेल. उजव्या पानावर मी फार वेळ थांबायचो नाही.

एका रविवारी मी लवकर पोचलो. परीक्षा चालूच होती. दाजींनी मोरी, पतंग आणि हळद असे शब्द दिले होते. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विचारलं, तर अक्का अंगणाकडे बघत राहिल्या. दाजींनी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "कसले शब्द?" दाजी हसले, काही नाही म्हणाले, आणि वहीत लिहिलं. अक्का आत गेल्यावर वही टेबलावर उघडी होती, म्हणून मी पाहिलं. तिथे दोनचा आकडा होता. मोरी, पतंग. मी मागची पानं चाळली. मागच्या रविवारी दोन, त्याच्या मागच्या रविवारी दोन. आदल्याच दिवशी, शनिवारी, अक्कांनी मला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारली होती, आणि त्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'आज ठीक.' चौतीस वर्षांत ज्या माणसानं साहेबाच्या सांगण्यावरूनसुद्धा केसभर माप बदललं नव्हतं, त्यानं हे लिहिलं होतं. मी वही मिटली आणि होती तशी टेबलावर ठेवली. तेव्हा बोलायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

मग ती बुधवारची दुपार आली. दाजींचा ऑफिसात फोन आला की अक्का घरात नाही. आवाज ओळखू येत नव्हता. जेवण झाल्यावर ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते, गार वारा येत होता, डोळा लागला. दुपारी झोपणाऱ्यांना आयुष्यभर नावं ठेवणारा माणूस, पण गेले वर्षभर तो रात्री धड झोपलाच नव्हता. जाग आली तेव्हा दार तसंच विटेला टेकलेलं, फाटक उघडं आणि अक्कांच्या चपला जागेवर. अनवाणी गेल्या होत्या. मी इंदिरानगरातून रिक्षा करून निघालो, बायको घरून निघाली. रस्त्यात प्रत्येक सिग्नलला मी त्या दाराला शिव्या घालत होतो. पोचलो तेव्हा दाजी गल्लीगल्लीतून फिरून बनियनवरच मोठ्या रस्त्याला लागले होते, आणि दिसेल त्याला कन्नडमध्ये विचारत होते. शेवटी देवळाजवळच्या फुलवालीनं लांबूनच हात केला. "इल्ले इद्दारे, सर," ती म्हणाली, इथेच आहेत. तिच्या टोपलीमागे गोणपाटावर अक्का मांडी घालून बसल्या होत्या आणि शेवंतीचा गजरा ओवत होत्या. तासभर बसल्या होत्या म्हणे. वडील बेळगावला न्यायला येणार आहेत, तोवर बसते, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. पायाला एका ठिकाणी काच लागून रक्त वाळलं होतं. दाजींना बघून त्या म्हणाल्या, "केवढा उशीर केलात," आणि उठून त्यांचा दंड धरून चालू लागल्या. दाजींनी फुलवालीला हात जोडले.

घरी आल्यावर बायकोनं अक्कांना आत नेऊन पाय धुतला, झोपवलं. मी तापट आहे, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे, पण दाजींवर मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. मी म्हणालो, "दाजी, बास झालं आता. हवेचा काही संबंध नाही. आजार आहे हा, आणि त्या बऱ्या होणार नाहीत. दार लावा." बोललो आणि लगेच वाटलं की जीभ हासडून टाकावी. दाजी रागावले नाहीत. पाणी प्यायले, फुलपात्र खाली ठेवलं.

"कळत होतं हो मला," ते म्हणाले. "त्या बाईंच्या खोलीतच कळलं होतं. शंभरातून सात काढताना ती थांबली ना, तेव्हाच. पण हवा असती तर माझ्या हातात काहीतरी होतं की. खिडकी उघडायला येते मला. दुसरं काय येतंय?"

त्यांनी उठून दारातली वीट पायानं बाजूला सारली, दार ओढून घेतलं आणि वरची कडी लावली. मग पाचही खिडक्यांवरून एकदा नजर फिरवली आणि फाटकाकडची एक लावून घेतली. दोन दिवसांनी सुतार येऊन माळ्यावरची तावदानं खाली काढून बसवून गेला. वही त्यानंतर मी पाहिली नाही, विचारलीही नाही.

याला आता दीड वर्ष झालं. अक्का बऱ्याच पुढे गेल्या आहेत, आमच्यापासून दूर, आणि रोज थोड्या थोड्या जात आहेत. वाऱ्यानं पडदा हलला की खिडकीत कुणी उभं आहे असं त्यांना वाटतं, घाबरून रडू लागतात, म्हणून दिवसाही खिडक्या बंद असतात. दाजी पहाटे त्या झोपलेल्या असताना उठून सगळं घर उघडतात आणि त्या जाग्या व्हायच्या आत पुन्हा लावून टाकतात. बाकीचा दिवस बंद घरात त्यांच्याजवळ बसतात. बाहेर कुठे जात नाहीत. लग्नांना जात नाहीत, गणपतीला आले नाहीत. सेक्रेटरीबाईंनी स्वतः मला विचारलं, या वर्षी तुमचे साडू दिसले नाहीत, बरे आहेत ना. आणि यंदा त्यांनी खिडक्या आधीपासूनच उघड्या ठेवल्या होत्या.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी एकटाच गेलो होतो. उन्हाळा, पंखा चालू, तरी आत कोंदलेलं. अक्का कोचावर शाल पांघरून बसल्या होत्या, समोर दाजी. त्यांचं कपाळ घामानं भरलं होतं आणि ते शर्टाची कॉलर मागेपुढे करत होते. अक्का बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर अनोळखी माणसाकडे बघावं तशा, अदबीनं. मग जरा पुढे वाकून म्हणाल्या, "तुम्हाला कोंडल्यासारखं होतंय का हो? आमच्या ह्यांनाही असंच होतं. बंद खोलीत त्यांना बसवतच नाही. खिडकी उघडू का?"

दाजींनी कॉलर सोडली. मी दुसरीकडे बघितलं.

"तुम्हाला थंडी वाजेल," ते म्हणाले.

"मला सवय आहे," अक्का म्हणाल्या. त्या हळूहळू उठल्या, भिंतीला धरत खिडकीपाशी गेल्या, आणि गेले कित्येक महिने ज्या खिडकीला भीत होत्या ती त्यांनी स्वतः सरकवली. पडदा हलला, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. परत येऊन बसल्या आणि पाहुण्याला विचारावं तसं दाजींना विचारलं, चहा घेणार का. दाजी म्हणाले, घेईन की. अक्कांना शेगडीपाशी जाऊ देत नाहीत, म्हणून मी उठलो आणि चहा टाकला. बाहेर त्या दोघांचं बोलणं चाललं होतं. अक्का त्यांना त्यांच्या यजमानांबद्दल सांगत होत्या, आणि दाजी मधून मधून विचारत होते, मग पुढे काय झालं. मी चहा बराच वेळ उकळू दिला.